डिस्क कपाटात, सूर कुलपात

सुपर ऑडिओ सीडी संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घातली की पडद्यावर गाण्यांची यादी येते. कॉपी करायला सांगितलं की दहा-पंधरा मिनिटांत सगळ्या फाइल तयार होतात. कुठे चूक दाखवली जात नाही, कुठे इशारा येत नाही. डिस्क पुन्हा डबीत जाते आणि संग्राहक निर्धास्त होतो. पण ज्या आवाजासाठी त्याने साध्या सीडीपेक्षा जास्त पैसे मोजले, त्यातला एक बिटही उतरलेला नसतो.

या डिस्कच्या पोटात बहुधा दोन थर असतात. लेबलच्या बाजूला साध्या सीडीचा थर आणि त्याच्या अलीकडे, डिस्कच्या जाडीच्या मधोमध, उच्च दर्जाच्या ध्वनीचा थर. हा मधला थर अर्धपारदर्शक असतो. सीडी वाचणारा लेसर त्यातून आरपार जातो, पलीकडचा थर वाचतो आणि तसाच परत येतो. संगणक त्या मोलाच्या थरातूनच ये-जा करतो आणि त्याला तो दिसतही नाही. त्यामुळे ‘आपला सगळा संग्रह हार्ड डिस्कवर घेऊन झाला’ असं समजणाऱ्या कितीतरी घरांत खरं काम अजून सुरूच झालेलं नाही. ज्या यंत्रांवर ते होऊ शकतं, ती दरवर्षी कमी होत आहेत.

सोनी आणि फिलिप्स यांनी 1982 मध्ये सीडी बाजारात आणली. दर सेकंदाला ध्वनीचे 44,100 नमुने आणि प्रत्येक नमुना 16 बिटांचा, असा तिचा हिशेब. 1999 मध्ये याच दोन कंपन्यांनी सुपर ऑडिओ सीडी आणली, तेव्हा हिशेबाची रीतच बदलली. नमुना एकाच बिटाचा, पण असे नमुने सेकंदाला 28,22,400. या पद्धतीला डीएसडी म्हणतात. पुढच्या वर्षी प्रतिस्पर्धी डीव्हीडी-ऑडिओ आली. ती सीडीच्याच वाटेने गेली, पण 24 बिट आणि सेकंदाला 1,92,000 नमुन्यांपर्यंत पोहोचली. दोन्ही प्रकारांत डाव्या-उजव्या जोडीखेरीज सहा वाहिन्यांचं, म्हणजे श्रोत्याला चहूबाजूंनी वेढणारं मिश्रणही मावत होतं.

आणि दोन्हींना कुलपं होती.

सीडीला कुलूप नव्हतं. ती रचली गेली तेव्हा घरोघरी संगणक येतील आणि त्यांत सीडी वाचणारे ड्राइव्ह असतील, हे कुणी धरलं नव्हतं. 1999 हे गाण्यांच्या फाइलींची फुकट देवाणघेवाण करू देणाऱ्या नॅपस्टरचंही वर्ष. फुकट एमपीथ्रीच्या धास्तीत असलेल्या कंपन्यांनी नव्या डिस्कचा बंदोबस्त कडक केला. सुपर ऑडिओ सीडीवरची माहिती कूटबद्ध असते आणि ती उलगडण्यासाठी लागणारी गुप्त खूण डिस्कवरच्या सूक्ष्म खड्ड्यांच्या रुंदीतल्या बारीक फरकांत लपवलेली असते. संगणकाच्या ड्राइव्हला ही खूण वाचण्याची सोयच दिली गेली नाही. जो प्लेअर कंपनीच्या परवान्याने बनला आहे, त्यालाच आवाज काढता येणार.

परवान्याचे प्लेअर मुबलक मिळत राहिले असते, तर या व्यवस्थेविरुद्ध तक्रार करण्याचं कारण उरलं नसतं. घडलं वेगळंच. 2001 मध्ये आयपॉड आला आणि दर्जापेक्षा सोय वरचढ ठरली. डीव्हीडी-ऑडिओ काही वर्षांतच बाजारातून जवळपास नाहीशी झाली. सुपर ऑडिओ सीडी शास्त्रीय संगीताच्या आणि जाझच्या छोट्या लेबलांच्या आधाराने तगून राहिली, जपानमध्ये थोडी अधिक. 2006 मध्ये आलेल्या पहिल्यावहिल्या प्लेस्टेशन-3 वर या डिस्क वाजत होत्या. वर्षभरातच नव्या मॉडेलमधून ती सोय सोनीने काढून घेतली. जवळजवळ प्रत्येक प्रकारची डिस्क वाजवणाऱ्या प्लेअरसाठी नावाजलेल्या ओप्पोने 2018 मध्ये हे उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. आज मोजक्या कंपन्या असे प्लेअर बनवतात. जुन्या यंत्राचा लेसर थकला की त्याच्या जोडीचा सुटा भाग शोधत फिरावं लागतं आणि तो मिळेलच याची खात्री नसते.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न इथे कुणीही विचारील. मानवी कानाला हा फरक खरोखर ऐकू येतो का? या प्रश्नाला बगल देणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान या दोघांनी 2007 मध्ये अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा आवाज एकदा थेट ऐकवायचा आणि एकदा तोच आवाज सीडीच्या 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झच्या मापातून गाळून ऐकवायचा. कोणता कुठला, हे श्रोत्यांना सांगता आलं नाही; त्यांची उत्तरं नाणेफेकीइतकीच बरोबर आली. मात्र त्याच लेखात दोघांनी आणखी एक निरीक्षण नोंदवलं होतं, ते फारसं कुणी सांगत नाही. या डिस्क एकंदरीत सीडीपेक्षा सरस वाजतात, असं त्यांनाही जाणवलं होतं. त्याचं श्रेय त्यांनी बिटांना दिलं नाही. ज्यांनी त्या तयार केल्या त्यांनी अधिक निगुतीने काम केलं, असं त्यांचं म्हणणं.

या डिस्क जपण्याचं खरं कारण त्या निगुतीतच आहे. मोलाचं आहे ते त्यांच्यावरचं काम: मूळ फितींकडे परत जाऊन केलेलं मास्टरिंग आणि दुसऱ्या कुठल्याही माध्यमावर न आलेली मिश्रणं.

शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राचं उदाहरण घेण्याजोगं आहे. फ्रिट्झ रायनर यांच्या संचालनाखाली या वाद्यवृंदाने 1950 च्या दशकात आणि 1960 च्या सुरुवातीला आरसीए कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणं आजही आदर्श मानली जातात. रिम्स्की-कोर्साकॉव्हच्या ‘शहरजाद’चं 1960 मधलं मुद्रण त्यांतलंच. त्या काळी आरसीएचे तंत्रज्ञ डावा, मधला आणि उजवा अशा तीन ट्रॅकवर मुद्रण करत. तबकडीच्या खाचेत मात्र दोनच मावत, म्हणून मधला ट्रॅक दोन्हीकडे वाटून दिला जाई. श्रोत्यांच्या दोन पिढ्यांनी हे संगीत दोन वाहिन्यांतच ऐकलं. 2004 पासून या मुद्रणांची ‘लिव्हिंग स्टीरिओ’ मालिका सुपर ऑडिओ सीडीवर आली, तेव्हा तो मधला ट्रॅक स्वतंत्रपणे घरी पोहोचला. तीन स्पीकर मांडून बसणाऱ्या श्रोत्याला मंचाचा मध्य पहिल्यांदाच जागेवर सापडला. त्या डिस्कची संगणकाने साधी प्रत काढली, तर हाच मध्य पुन्हा हरवतो.

पेंटाटोन या डच लेबलची गोष्टही अशीच. फिलिप्स क्लासिक्समधून बाहेर पडलेल्या मंडळींनी ते 2001 मध्ये सुरू केलं. 1970 च्या दशकात फिलिप्सने चार वाहिन्यांवर केलेली मुद्रणं गोदामात पडून होती. चौफेर आवाजाची ती लाट ओसरली आणि त्या फिती तशाच राहिल्या. पेंटाटोनने त्या सुपर ऑडिओ सीडीवर आणल्या. म्हणजे जी गोष्ट तीस वर्षं अडकून पडली होती ती एका दाराने बाहेर आली, आणि आता तेच दार बंद होऊ घातलं आहे.

काहींना तर आपल्याकडे काय आहे याचाच पत्ता नाही. रोलिंग स्टोन्सचे 1960 च्या दशकातले अल्बम 2002 मध्ये नव्याने आले, तेव्हा ते दोन थरांच्या डिस्कवर होते. त्याचा फारसा गाजावाजा केलेला नव्हता. हजारो घरांत त्या साध्या सीडी म्हणून आल्या आणि तशाच वाजत राहिल्या.

डिस्क कायमची टिकते, हा समज सीडीच्या पहिल्या जाहिरातींनी रुजवला. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात 1988 ते 1993 या काळात बनलेल्या अनेक सीडी पुढे कडेपासून आतल्या दिशेने तांबूस होत गेल्या. परावर्तनासाठी ॲल्युमिनियमऐवजी चांदीचा थर वापरला होता, वरचं लॅकर वेष्टनाच्या कागदातल्या गंधकाला अडवू शकलं नाही आणि चांदी काळवंडली. घरातली चांदीची भांडी काळी पडतात, तोच प्रकार. सगळ्याच डिस्कचं असं होत नाही. नीट बनलेली डिस्क दशकानुदशकं चालते. पण कपाटातली कुठली नीट बनलेली आणि कुठली नाही, हे ती वाजायची थांबेपर्यंत कळत नाही. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत तर अधिक सावध राहायला हवं.

मूळ मास्टर फिती कंपनीकडे सुखरूप असतील, हा दिलासाही पुरेसा नाही. 1 जून 2008 रोजी हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि तिथे ठेवलेल्या मूळ ध्वनिफिती जळाल्या. नुकसानीची व्याप्ती लोकांपुढे आली ती तब्बल अकरा वर्षांनी, 2019 मध्ये, एका वृत्तपत्रीय शोधवृत्तामुळे. नेमक्या किती फिती गेल्या यावर आजही वाद आहे.

स्ट्रीमिंगचं म्हणाल, तर ते भाड्याचं घर आहे. मार्च 2023 मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचा करार नव्याने होऊ शकला नाही आणि त्या लेबलची गाणी भारतातल्या श्रोत्यांच्या याद्यांमधून एकाएकी गेली. ‘सैराट’चं संगीत याच लेबलकडे आहे. अजय-अतुल यांनी त्यासाठी हॉलिवूडमधल्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंद बसवला होता. एवढ्या मेहनतीचं संगीत ऐकायला मिळेल की नाही, हे दोन कंपन्यांच्या वाटाघाटींवर ठरतं. पुढे तडजोड झाली आणि लेबल परत आलं. पण त्या काळात ज्यांच्याकडे स्वतःची फाइल होती, त्यांना कुणाच्या कराराची वाट पाहावी लागली नाही.

मराठी माणसाला हे वेगळ्याने समजावून सांगायची गरज नसावी. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांचा आवाज आज ऐकायला मिळतो, तो बऱ्याच अंशी खाजगी संग्राहकांमुळे. जुन्या बाजारातून, अडगळीतून त्यांनी 78 फेऱ्यांच्या तबकड्या गोळा केल्या, धुतल्या, आधी स्पूलवर, मग कॅसेटवर आणि पुढे संगणकावर उतरवून घेतल्या. 1990 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने या छंदाला अभ्यासाची शिस्त लावली. हे सगळं शक्य झालं, कारण लाखेच्या तबकडीतल्या खाचेला कुलूप नव्हतं. सुई आणि कर्णा असला की ती बोलायची. बनवणारी कंपनी बुडाली तरी बोलायची. 2003 ची सुपर ऑडिओ सीडी मात्र शंभर वर्षांनी एखाद्या जिज्ञासू संग्राहकाच्या हाती लागली, तर परवान्याच्या यंत्राविना ती मुकीच राहील.

आजवर या कुलपातून जे काही बाहेर काढता आलं, ते छंदिष्टांनी काढलं. 2011 च्या सुमारास जुन्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या प्लेस्टेशन-3 मधून डिस्कची संपूर्ण प्रतिमा घेण्याची पद्धत त्यांनी शोधली. पुढे काही ब्लू-रे प्लेअरमधूनही ते जमू लागलं. तीही यंत्रं आता जुनी झाली आहेत आणि वापरलेल्यांच्या बाजारात शोधावी लागतात. सांस्कृतिक ठेव्याचं जतन जुन्या खेळयंत्राच्या मर्जीवर सोडणं ही काही धड व्यवस्था नव्हे.

प्रत घेतानाही एक सूक्ष्म चूक होते. फ्लॅक हा 2001 पासूनचा लॉसलेस प्रकार. ध्वनीतला एकही बिट न गमावता फाइल सुमारे निम्म्यापर्यंत आवळणारा, सर्वांना खुला आणि फुकट. डिसेंबर 2024 मध्ये त्याला इंटरनेटच्या अधिकृत मानकाचा दर्जाही मिळाला. डीव्हीडी-ऑडिओतला ध्वनी फ्लॅकमध्ये जसाच्या तसा बसतो. डीएसडीचं तसं नाही. एका बिटाचा तो प्रवाह फ्लॅकमध्ये घालायचा तर आधी त्याचं रूपांतर करावं लागतं आणि रूपांतर उलटं फिरवून मूळ प्रवाह परत मिळत नाही. ऐकायला ती फाइल उत्तम असेल, पण तिला मूळ प्रत म्हणता येणार नाही. म्हणून सुपर ऑडिओ सीडीची आधी संपूर्ण आयएसओ प्रतिमा ठेवावी, नाहीतर निदान डीएसडी प्रवाह जसाच्या तसा ठेवणारी डीएसएफ फाइल तरी. त्यातून रोजच्या ऐकण्यासाठी हवं तर फ्लॅक बनवावं. जागेची सबब आता चालणार नाही. सुपर ऑडिओ सीडीच्या एका उच्च दर्जाच्या थरात 4.7 जीबी माहिती मावते. 500 डिस्क काठोकाठ भरलेल्या धरल्या तरी एकूण 2,350 जीबी होतात आणि चार टीबीच्या एका ड्राइव्हवर चाळीस टक्क्यांच्या आसपास जागा उरते. असे दोन ड्राइव्ह भरून त्यांतला एक दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा मुलीकडे ठेवला की मोठा धोका टळतो. फ्लॅक फाइलच्या आतच मूळ ध्वनीचा एक ठसा साठवलेला असतो. वर्षातून एकदा तपासणी चालवली की कुठली फाइल बिघडली ते कळतं. आयएसओसाठी असा ठसा स्वतः काढून ठेवावा लागतो.

आता कायदा. इथे भारतीय ग्राहकाची बाजू अनेक देशांच्या मानाने बरी आहे आणि हे फारसं कुणाला ठाऊक नाही. अमेरिकेत 1998 च्या कायद्याने कुलूप उघडण्याची कृतीच बेकायदा ठरवली. जपानमध्ये खाजगी वापरासाठी प्रत घेता येते, पण संरक्षण मोडून घेता येत नाही. ब्रिटनने ऑक्टोबर 2014 मध्ये स्वतः विकत घेतलेल्या संगीताची खाजगी प्रत काढायला मुभा दिली आणि जुलै 2015 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. भारताच्या कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली. कलम 52 ने खाजगी वापरासाठीचा रास्त व्यवहार ध्वनिमुद्रणांनाही लागू केला. त्याच दुरुस्तीने आलेलं कलम 65 अ कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंतचा कारावास आणि दंड सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. कायद्याने स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडलं तर हे कलम आड येत नाही. दुसऱ्याला त्यासाठी मदत करणाऱ्याने मात्र त्या माणसाचं नाव, पत्ता आणि तपशील नोंदवून ठेवायचा आहे.

तरीही ‘रास्त व्यवहार’ ही वकिलांनी वाद घालायची जागा आहे. विकत घेतलेल्या डिस्कची एक संपूर्ण प्रत स्वतःसाठी ठेवणं रास्त आहे, असं कायद्याने एका वाक्यात सांगायला हवं. संगणक प्रणालींच्या बाबतीत बॅकअप प्रतीची मुभा कायद्यात स्वतंत्रपणे दिलेलीच आहे. संगीत विकत घेणाऱ्याला ती नाकारण्याचं कारण दिसत नाही.

ग्रंथालयांची अडचण याहून मोठी आहे. याच कलम 52 नुसार बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते, पण त्याच्याकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तरच. म्हणजे लाखेची तबकडी, कॅसेट, स्पूल चालेल. सीडी, डीव्हीडी-ऑडिओ किंवा सुपर ऑडिओ सीडी या तरतुदीत बसत नाही. डिजिटल वस्तू आपोआप टिकते, या जुन्या समजुतीतून ते शब्द आले असावेत. ब्लॅकबर्नच्या तांबूस सीडींनी ती समजूत केव्हाच खोटी ठरवली आहे. कायद्यातला ‘डिजिटल नसलेली’ हा शब्दप्रयोग काढून टाकला पाहिजे.

पुस्तकांबाबत आपण शहाणपणा दाखवला होता. 1954 च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना देणं बंधनकारक केलं. त्यांतलं एक मुंबईत टाउन हॉलमध्ये आहे. कोल्हापुरात छापलेली कथासंग्रहाची पाचशे प्रतींची आवृत्ती अशी टिकते. लाखोंनी ऐकलेल्या ध्वनिमुद्रणाला या कायद्यात जागा नाही. ध्वनिमुद्रणाची एक प्रत, कुलपाविना, सार्वजनिक संग्रहात जमा व्हावी आणि हक्काची मुदत संपेपर्यंत ती तिथे बंदिस्त राहावी, यात कुठल्याच कंपनीचं नुकसान नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षांनी संपतो. त्या दिवशी संगीत लोकांचं होतं, पण तोवर ते वाचवणारं कुणी असायला हवं.

कुलपं काढली तर चाचेगिरी वाढेल, हा कंपन्यांचा आक्षेप. कलावंताच्या कमाईची काळजी खरी आहे आणि फुकट वाटप करणाऱ्याची बाजू इथे कुणी घेत नाही. पण या कुलपांनी चाचेगिरी थांबवली नाही. ती नॅपस्टरनंतरही चालू राहिली. अडलं ते पैसे देऊन डिस्क घेणाऱ्याचं. 2005 मध्ये सोनी बीएमजीने काही सीडींवर असं संरक्षण घातलं की त्या सीडी संगणकात घालताच एक छुपी प्रणाली विंडोजमध्ये शिरून बसे. फटका दुकानातून रीतसर सीडी घेणाऱ्यांनाच बसला. गाजावाजा झाला, खटले झाले आणि कंपनीला त्या डिस्क परत मागवाव्या लागल्या.

कायदा बदलायला वेळ लागेल. घरातल्या प्लेअरचा लेसर तोवर थांबणार नाही. म्हणून ज्यांच्याकडे पाश्चात्त्य संगीताचा, जाझचा, रॉकचा संग्रह आहे, त्यांनी या रविवारी तो खाली काढावा. प्रत्येक डबीच्या कडेवर आणि पाठीवर सुपर ऑडिओ सीडीचं किंवा डीव्हीडी-ऑडिओचं चिन्ह आहे का ते पाहावं. स्टोन्सच्या 2002 च्या डिस्क तर हमखास तपासाव्यात. मग संगणकावर आधीच घेऊन ठेवलेली त्याच अल्बमची फाइल उघडून तिचे तपशील वाचावेत. तिथे 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ असं दिसलं, तर ती फक्त सीडीच्या थराची प्रत आहे आणि वरच्या दर्जाचा थर अजून डिस्कवरच आहे.